नसांना तूप लागतं का? भाऊजींचं आजारपण आणि पेशीच्या आवरणातले लिपिड

परळकरीण

मंडळी, लेख लांब झालाय. चहा घेऊन बसा.

मार्चमध्ये आमच्या मोठ्या दिरांना एका लग्नाचं जेवून आल्यावर तीन दिवस जुलाब झाले. बरे झाले, आम्ही विसरलो. बाराव्या दिवशी करी रोडच्या पुलावरून उतरताना भाऊजींच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना पत्ताच नाही. मागून येणाऱ्या एका मुलाने "काका, चप्पल!" म्हणून हाक मारली तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लागेनात. तिसऱ्या दिवशी जिन्यात कठडा धरून मटकन खाली बसले.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय ढिम्म हलला नाही. निदान गुलियन बॅरे सिंड्रोम, शरीर स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं तो आजार, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात ज्याची साथ आली होती तो जीबीएस. अतिदक्षता विभागात रोज सकाळ-संध्याकाळ एक तरुण डॉक्टर यायची आणि म्हणायची, "काका, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा." पहिल्या दिवशी ३१ पर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी २२. तिसऱ्या दिवशी १४ वर दम संपला. छातीचे स्नायू किती शाबूत आहेत हे बघण्याची ही साधी युक्ती आहे हे मला नंतर कळलं. तेव्हा मी काचेबाहेर उभी राहून त्यांच्या ओठांकडे बघत आकडे मोजत होते. इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या पाच दिवस चालल्या. १४, १५, १५, मग १९. व्हेंटिलेटर टळला.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांना रोज वाटीभर तूप सुरू केलं. कारण घरच्या ग्रूपवर आलेला फॉरवर्ड: "मेंदू ६० टक्के चरबीचा असतो. नसांना वंगण लागतं. डॉक्टर हे सांगणार नाहीत." मी एका कॉलेजात २६ वर्षं बायोकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. एका वाक्यात उत्तर दिलं की घरात भांडण होतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी ते ६० टक्के. आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त लिपिड, म्हणजे चरबीच्या जातीचे रेणू, भरतात. पण ताज्या मेंदूत पाऊण हिस्सा पाणीच असतं. ओल्या वजनात लिपिड दहा-बारा टक्क्यांच्या आसपास येतात. सुक्या बोंबलाचा आकडा ओल्या बोंबलाला लावायचा, तसं झालं हे. आणि ही चरबी पोटावरच्या चरबीसारखी साठवलेली नसते. ती जवळजवळ सगळी पेशींच्या आवरणात गुंतलेली असते.

हे आवरण, म्हणजे मेम्ब्रेन, जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचं. केसाच्या जाडीत असे पंधराएक हजार पदर मावतील. ते मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या लिपिडांचं बनतं. त्यांच्या रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं. दोन शेपट्या असतात, त्यांना पाण्याचा तिटकारा. पाण्यात सोडले की हे रेणू आपणहून शेपटीला शेपटी लावून दोन थरांत उभे राहतात. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतले लिपिड काढून पाण्यावर एकेरी थरात पसरले, तर क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन. मला हा प्रयोग फार आवडतो. यंत्रं नाहीत, ताट, पाणी आणि हिशोब.

भिंत म्हटलं तरी ती विटांसारखी घट्ट नाही. जानेवारीत मुंबईला चार दिवस थंडी पडते तेव्हा न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते. स्वयंपाकघरातलं शेंगदाणा तेल मात्र पातळच राहतं. खोबरेलातल्या बहुतेक शेपट्या सरळ, त्या एकमेकींना बिलगून बसतात. शेंगदाणा तेलातल्या बऱ्याचशा शेपट्यांना मध्येच बाक असतो, त्यांना तसं बसता येत नाही. पेशीसुद्धा हेच करते. सरळ आणि बाकदार शेपट्यांचं प्रमाण जमवून आवरण हवं तेवढं पातळ ठेवते. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात डीएचए नावाचं मेदाम्ल भरपूर असतं. २२ कार्बनची शेपटी आणि तिला सहा ठिकाणी बाक. मधेमधे कोलेस्टेरॉल उभं असतं, ते आवरण फार पातळही होऊ देत नाही आणि थिजूही देत नाही. या चिकट पातळ थरात प्रथिनं तरंगत असतात. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र मांडलं, थोडीफार दुरुस्ती होऊन ते आजही टिकून आहे.

आतला थर आणि बाहेरचा थर सारखे नसतात, हे मला विद्यार्थ्यांना दर वर्षी तीनदा सांगावं लागतं. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा लिपिड पेशी मुद्दाम आतल्या बाजूला ठेवते, त्यासाठी ऊर्जा खर्च करते. पेशी मरायला टेकली की तो बाहेर येतो आणि सफाई करणाऱ्या पेशी तो पाहून तिला गिळून टाकतात. दारावर केलेल्या खुणेसारखी असते ती, की आत कुणीतरी वारलंय.

आता भाऊजींकडे येते. बाहेरच्या थरात काही लिपिडांच्या डोक्यावर साखरेच्या रेणूंची माळ असते. ही गँग्लिओसाइडं. नसांवर ती खूप असतात, त्यातलं एक जीएम१. जुलाब करणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जंतूच्या काही जातींच्या अंगावरही जवळजवळ हुबेहूब अशीच साखरेची माळ असते. शरीर जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, जंतू मरतो, जुलाब थांबतात. पण अँटीबॉडी रक्तात फिरतच असतात आणि त्यांना नसेवर तीच माळ दिसते. म्हणून मध्ये ते दहा-बारा दिवस. भाऊजींचा नसांच्या तपासणीचा रिपोर्ट याच प्रकारचा, म्हणजे नसेच्या मुख्य धाग्यालाच इजा दाखवणारा होता. जीबीएसच्या दुसऱ्या प्रकारात धाग्याभोवतीचं मायलिन नावाचं चरबीदार वेष्टन सोललं जातं, तिथे नेमकं लक्ष्य कोणतं ते इतकं स्पष्ट नाही. हा जंतू पोटात गेलेल्या साधारण हजारातल्या एकाला जीबीएस होतो, म्हणून उगाच घाबरू नका. कच्चं-अर्धकच्चं चिकन आणि दूषित पाणी टाळा.

म्हणजे भाऊजींच्या नसांत चरबी कमी पडली नव्हती. जिथे हवी तिथे, हवी तशी चरबी होती. तिचा चेहरा एका जंतूशी जुळत होता, इतकंच.

बाकीचं प्रतिसादांत.

---

शिवडीचा_शिपाई

रुमाल टाकून ठेवतो. भाऊजी आता कसे आहेत?

आठ_बेचाळीस

बोंबलाचं उदाहरण एक नंबर. ताई, मायलिनबद्दल लिहा ना. मी असं वाचलं की मायलिनवाली नस म्हणजे फास्ट लोकल आणि बिनमायलिनची म्हणजे स्लो. फास्ट मधली स्टेशनं गाळते म्हणून लवकर पोचते. बरोबर का?

परळकरीण

@शिवडीचा_शिपाई, काठी घेऊन चालतात. खाली लिहिते.

@आठ_बेचाळीस, बरंचसं बरोबर. मायलिन म्हणजे दुसऱ्याच पेशीने आपलं आवरण नसेभोवती पापडाच्या गुंडाळीसारखं पुन्हा पुन्हा गुंडाळलेलं असतं. कोरड्या वजनात त्याचे ७० टक्क्यांहून जास्त लिपिड. ६० टक्क्यांच्या आकड्यात मोठा वाटा याचाच. मध्ये मध्ये उघड्या जागा सोडलेल्या असतात, त्या तुमच्या दादर-कुर्ला समजा. संदेश तिथेच नव्याने जोर धरतो. बिनमायलिनच्या बारीक नसेत वेग सेकंदाला एक-दोन मीटर, जाड मायलिनवालीत शंभर मीटरच्या घरात. म्हणून पायाचं बोट उंबऱ्याला आपटलं की आधी "आपटलं" हे कळतं आणि ठणका एका क्षणाने मागून येतो.

आठ_बेचाळीस

ठणका स्लो लोकलने येतो!! हे आज गाडीत सगळ्यांना सांगणार.

पण एक शंका. फास्ट लोकल मधल्या स्टेशनांवरून जातेच की, फक्त थांबत नाही. संदेश मधला रस्ता खरंच उडी मारून जातो?

परळकरीण

नाही मारत. तुमची शंका माझ्या उत्तरापेक्षा चांगली आहे. वेष्टनाखालून विद्युतप्रवाह धाग्याच्या आतून सरकतोच, तो फक्त बाहेर गळत नाही आणि मध्ये कुठे थांबून नव्याने भरावा लागत नाही. तुमची गाडी मधल्या रुळांवरून जाते तसंच. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूतलं आणि मणक्यातलं हे वेष्टन शरीर स्वतःच खातं. मग प्रवाह गळतो, गाडी रखडते, कधी मध्येच रद्द.

आजीचं_देवघर

लेख चांगला आहे, पण तुपाचा मुद्दा अर्ध्यात सोडलात. आमच्या आजीने ९४ वर्षं तूप खाल्लं आणि शेवटपर्यंत तिला सगळी स्तोत्रं पाठ होती. आयुर्वेदात ब्राह्मी घृत सांगितलंय ते काय उगाच? तुम्ही विज्ञानवाले जुनं सगळं मोडीत काढता.

परळकरीण

आजींना नमस्कार. आमच्याकडे वरणभातावर तूप असतंच आणि राहील, मोडीत काही काढत नाहीये. प्रश्न एवढाच की खाल्लेलं तूप नसेपर्यंत कसं जातं.

तूप पोटात फुटतं, आतड्याच्या भिंतीत पुन्हा बांधलं जातं आणि रक्तातून मुख्यतः स्नायू, यकृत आणि चरबीच्या साठ्यात जातं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कडक पहारा असतो, त्यातून रक्तातलं कोलेस्टेरॉल आत शिरत नाही. शरीराच्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे एक पंचमांश किंवा थोडं जास्तच मेंदूत असतं, वजनाने मेंदू शरीराच्या फक्त दोन टक्के असूनही. आणि ते सगळं मेंदू स्वतः बनवतो. तुपातली बहुतेक मेदाम्लं सरळ शेपटीची, तीही शरीराला स्वतः बनवता येतात. बनवता येत नाहीत ती ओमेगा-३ आणि ओमेगा-६ ची मूळ मेदाम्लं, आणि ती तुपात अगदी थोडी.

भाऊजींना तुपाने एक फायदा झाला हे मान्य. आजारात नऊ किलो वजन उतरलं होतं, ते भरून आलं. नंतर कमरेवरही आलं.

पेडवे_आणि_भाकरी

मुद्द्यावर आलात एकदाचे. ओमेगा-३ म्हणजे मासे. बांगडा, तारली, पेडवे. सुरमई-पापलेटचा तोरा मिरवणाऱ्यांनो, खरा माल तारलीत आहे. जून-जुलैच्या बंदीत आमचे हाल होतात, तेव्हा सुकट.

घाटकोपर_पश्चिम

आणि आम्ही शाकाहारी काय करायचं? मी रोज जवसाची चटणी खातो. डीएचए मिळतं ना?

परळकरीण

@पेडवे_आणि_भाकरी, तारलीबद्दल शंभर टक्के सहमत. डीएचए मेंदूत कसं शिरतं हे २०१४ पर्यंत नीट माहीत नव्हतं. पहाऱ्यावरचा एमएफएसडी२ए नावाचा द्वारपाल सापडला. तो सुट्या डीएचएला सोडत नाही, एका फॉस्फोलिपिडला जोडून आलेल्याला सोडतो. ज्या मुलांत हा द्वारपाल जन्मतः नीट नसतो त्यांचं डोकं लहान राहतं.

@घाटकोपर_पश्चिम, जवसात डीएचएचा कच्चा माल असतो, तयार डीएचए नाही. शरीर त्याचं रूपांतर करतं, पण फारच थोडं. चटणी सोडू नका, ती चांगलीच आहे, पण तिला मासा समजू नका. मासेसुद्धा डीएचए स्वतः फारसं बनवत नाहीत, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून ते त्यांच्याकडे येतं. शेवाळापासून काढलेल्या शाकाहारी कॅप्सूल मिळतात.

पण लगेच दुकानात धावू नका. अल्झायमरच्या ४०२ रुग्णांना दीड वर्ष रोज दोन ग्रॅम डीएचए देऊन पाहिलं, अमेरिकेत, निकाल २०१० मध्ये आला. विसरण्याचा वेग कमी झाला नाही. घर बांधताना सिमेंट लागतं हे खरं, पण ढासळत्या घराबाहेर सिमेंटच्या गोण्या रचून काही होत नाही.

फुटपट्टी

धागा आवडला, पण एक राहिलं. गॉर्टर-ग्रेंडेलचं उत्तर बरोबर आलं ते दोन चुका एकमेकींनी खाल्ल्या म्हणून. अ‍ॅसिटोनने त्यांना सगळे लिपिड काढता आले नव्हते आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन्ही कमी, म्हणून गुणोत्तर दोनच्या आसपास राहिलं.

परळकरीण

खरंय. मी विद्यार्थ्यांना हे सांगते, इथे लिहायचं राहिलं. माझ्या वर्गात असं उत्तर आलं तर निम्मे गुण कापते. त्यांना इतिहासाने पूर्ण दिले.

भूलवाला

चाळीस वर्षं लोकांना झोपवतोय, म्हणून दोन शब्द. १८९९ मध्ये मेयर आणि १९०१ मध्ये ओव्हर्टन यांनी दाखवलं की जो पदार्थ ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतो तो भूल देण्यात जास्त जोरकस. पदार्थ कुठलाही घ्या, आलेख सरळ. त्यामुळे कितीतरी वर्षं आम्ही शिकलो की भूल म्हणजे औषध आवरणाच्या लिपिडात शिरून ते फुगवतं. मग १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याला उजेड देणारं प्रथिन घेतलं, त्यात लिपिडचा थेंब नाही, आणि भुलीच्या औषधांनी तेही विझवून दाखवलं. तोच जोराचा क्रम. आता बहुतेक औषधं प्रथिनांच्या खोबणीत बसतात असं मानतात. तर परळकरीण बाई, लिपिड लिपिड करताना थोडं जपून.

परळकरीण

डॉक्टर, काजव्याचा किस्सा मी उद्याच वर्गात सांगणार. मान्य आहे, सगळं श्रेय लिपिडांना देऊ नये. पण उलटंही झालंय. पन्नास वर्षं लिपिड म्हणजे प्रथिनं तरंगायचं तेल, एवढंच समजलं जायचं. ज्याचं नाव त्या आजाराला मिळालं त्या अल्झायमरने १९०७ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात मेंदूतल्या गुंते आणि डागांबरोबर आधारपेशींत साठलेल्या चरबीचाही उल्लेख केला होता. गुंते आणि डाग पाठ्यपुस्तकात गेले, चरबी मागे राहिली. १९९३ मध्ये एपीओई४ हा धोका वाढवणारा जनुक सापडला तेव्हा लोकांना ती आठवली, कारण हा जनुक ज्या प्रथिनाचा आहे त्याचं कामच मेंदूत लिपिडांची ने-आण करणं.

मुलुंडची_मैना

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब आहे. त्यांची पहिली मुलगी पाच महिन्यांची असताना आमच्याकडे खेळायला असायची. कुकरची शिट्टी झाली की सगळं अंग ताणून दचकायची. प्रत्येक शिट्टीला. आम्ही हसायचो, "घाबरट आहे" म्हणायचो. आठव्या महिन्यात मान धरेना, जी पालथी पडत होती ती पडेना. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर लाल ठिपका दिसला. टे-सॅक्स. तीन वर्षांची होऊन गेली. त्यांच्याकडे आता कुणी कुकर लावत नाही, निदान आम्हाला शिट्टी ऐकू येत नाही.

ताई, हा पण लिपिडचाच आजार ना?

परळकरीण

हो. मैना, लिहिलंस ते बरं केलंस.

पेशीचं आवरण सतत मोडून पुन्हा बनत असतं. मोडलेले भाग लायसोसोम नावाच्या कोठ्यांत जातात आणि तिथे एकेक एन्झाइम एकेक कडी तोडतं. टे-सॅक्समध्ये हेक्झोसॅमिनिडेज-ए हे एन्झाइम नसतं. भाऊजींच्या गोष्टीतल्या जीएम१ ची पहिली साखर तुटली की जीएम२ उरतं, आणि गाडी तिथेच अडते. जीएम२ साठत जातं, मेंदूच्या पेशी फुगून मरतात. आवाजाला असं दचकणं हे सुरुवातीचं लक्षण. लाल ठिपका म्हणजे पडद्याचा मधला निरोगी भाग, भोवतीच्या पेशी जीएम२ ने भरून पांढुरक्या झाल्या म्हणून तो उठून दिसतो. वॉरन टे यांनी तो १८८१ मध्ये लंडनमध्ये पाहिला होता.

आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता. गुजरातेतल्या रुग्णांत या जनुकातला एक विशिष्ट बदल पुन्हा पुन्हा सापडतो, त्यामुळे तपासणी सोपी होते. अमेरिकेतल्या ज्यू समाजाने १९७१ पासून वाहकांची तपासणी सुरू केली, तिथे हा आजार आता क्वचित दिसतो. त्या कुटुंबाला दुसरं मूल हवं असेल तर जनुकीय सल्लागाराला आधी भेटायला सांग. तू सांगू शकशील, मी नाही.

मुलुंडची_मैना

त्यांना आता मुलगा आहे. गर्भजल तपासून घेतलं होतं. तो शिट्टीला दचकत नाही.

शिवडीचा_शिपाई

मैना 🙏

नाना_निवृत्त

माझं वय ७१. दहा वर्षं कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. शेजारचे म्हणतात की मेंदूतलंही कोलेस्टेरॉल कमी होऊन विसरभोळेपणा येतो. परवा चष्मा डोळ्यावर असून घरभर शोधला. गोळी बंद करू का?

परळकरीण

नाना, मनाने अजिबात बंद करू नका. वर लिहिलं तसं मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आत बनवतो. थोड्या लोकांनी विसरायला होतं अशी तक्रार केली म्हणून अमेरिकेत २०१२ मध्ये वेष्टनावर तशी नोंद आली, गोळी थांबवल्यावर ते जातं असंही त्यात आहे. पण ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांवर पाचेक वर्षं सिम्वास्टॅटिनची चाचणी झाली, तिथे गोळीवाले आणि खोटी गोळीवाले यांच्या स्मरणशक्तीत फरक सापडला नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, ते दुसरी गोळी देऊ शकतात. चष्मा मीही शोधते, आणि मला गोळी नाही.

कांजूरची_कविता

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा डिस्चार्ज कार्डावर सिटिकोलिन होतं, गोळ्यांची पट्टी बरीच महाग. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं की याने मेंदूच्या पेशींची आवरणं दुरुस्त होतात. खरं का?

परळकरीण

कल्पना कागदावर सुरेख आहे. पेशी मुख्य फॉस्फोलिपिड बनवते तेव्हा सिटिकोलिन हा मधला टप्पा. हा टप्पा कसा सापडला तेही मजेशीर आहे. १९५० च्या दशकात केनेडी नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या, एका बाटलीने काम व्हायचं, दुसऱ्या जास्त शुद्ध बाटलीने व्हायचं नाही. पहिल्या बाटलीत सीटीपी या त्याच्या भावंड-रेणूची भेसळ होती. काम त्या भेसळीचं होतं.

पण रुग्णांत काय? २०१२ मध्ये २,२९८ पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, खोट्या औषधापेक्षा सिटिकोलिन सरस ठरलं नाही. अपाय फारसा नाही, पण तेवढे पैसे फिजिओथेरपिस्टला दिले असते तर बाबांच्या हाताला जास्त उपयोग झाला असता, असं माझं मत. डॉक्टरांशी बोलूनच काय ते करा.

नरीमन_पॉइंट_लंचबॉक्स

वाचनमात्र असतो, आज लिहितोय. मला गौशे आजार आहे, लहानपणी प्लीहा वाढली होती. आता डॉक्टर म्हणतात पार्किन्सनची लक्षणं दिसतात का त्यावर लक्ष ठेवू. संबंध काय?

परळकरीण

संबंध आहे, पण धीर सोडण्यासारखा नाही. गौशेत ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम कमी पडतं, तेच लायसोसोमचं दुकान, काउंटर वेगळा. आधी दिसलं ते असं की गौशेच्या काही रुग्णांना आणि जनुकाची एकच बिघडलेली प्रत असलेल्या त्यांच्या नातेवाइकांनाही पार्किन्सन जास्त होतो. आज पार्किन्सनच्या जनुकीय धोक्यांत हा सगळ्यांत जास्त आढळणारा मानतात. तरी बहुतेक वाहकांना पार्किन्सन होत नाही, हे अधोरेखित करून ठेवा. शिरेतून देतात ते एन्झाइम प्लीहेवर छान काम करतं, पण मेंदूच्या पहाऱ्यातून आत जात नाही.

खर्चासाठी: केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात उत्कृष्टता केंद्रं नेमली आहेत, मुंबईत आमच्या परळचं केईएम त्यात आहे. मदतीची मर्यादा पुढे ५० लाखांपर्यंत वाढवली. नोंदणी केली नसेल तर करा.

नरीमन_पॉइंट_लंचबॉक्स

नोंदणी आहे. सोमवारी जातो, एन्झाइमच्या दिवशी डबा तिथेच खातो. आभार.

घाटकोपर_पश्चिम

पुन्हा मीच. जवसावरून आठवलं, मला तळपायाला मुंग्या येतात. धागा वाचून जीबीएसच वाटायला लागलाय.

परळकरीण

किती दिवस? चढत्या क्रमाने वर येतात का? पाय लटपटतात?

घाटकोपर_पश्चिम

दीड वर्ष. वर नाही येत. लटपटत नाहीत, पण अंधारात चालताना तोल जातो.

परळकरीण

जीबीएस दिवसांत आणि आठवड्यांत वाढतो, दीड वर्ष थांबत नाही. तुम्ही शाकाहारी, दूधही कमी घेता का? बी१२ तपासा. उद्याच. बी१२ नसेल तर मायलिन खराब होतं, मणक्यातल्या ज्या वाटांनी पायाची जाणीव वर जाते त्या आधी जातात. म्हणून अंधारात तोल. डोळे मिटून तोंड धुताना बेसिनला धरावं लागतं का, तेही डॉक्टरांना सांगा. लवकर धरलं तर भरून येतं, फार उशीर केला तर पूर्ण नाही. इंजेक्शन स्वस्त आहे. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या खाऊ नका, रक्त सुधारतं आणि नसा मागच्या मागे बिघडत राहतात.

भूलवाला

आणि बी१२ न बघता कुणाकडूनही लाफिंग गॅस घेऊ नका, उरलंसुरलं बी१२ तो निकामी करतो. दाताच्या डॉक्टरांनाही सांगा.

घाटकोपर_पश्चिम

रिपोर्ट आला. ९८. खालची मर्यादा २०० लिहिली आहे. आजपासून इंजेक्शन सुरू. बेसिनचं तुम्हाला कसं कळलं?? मी धरतो.

आजीचं_देवघर

बघा, चटणी खा पण दूध-ताकही प्या.

परळकरीण

@आजीचं_देवघर, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत, फक्त ९८ वाल्याला ताक पुरायचं नाही.

पेडवे_आणि_भाकरी

भाऊजींचं सांगा की आता. शिवडीवाले पहिल्या दिवसापासून विचारतायत.

परळकरीण

तुटलेला धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचं अंतर मोजून भाऊजींनी स्वतःच हिशोब केला आणि "म्हणजे तीन वर्षं" म्हणून गप्प बसले. सुदैवाने सगळे धागे तुटलेले नव्हते, नुसते बंद पडलेले बरेच होते, ते तीन-चार महिन्यांत बोलायला लागले. एका दमात आता ३८ मोजतात. शर्टाची बटणं लागतात, गळ्याचं सोडून, तसं ते आधीही लावत नव्हते. आजार पुन्हा होण्याची शक्यता थोडी असते, शंभरात दोन ते पाच जणांना, म्हणून जुलाब झाले की घरात सगळे त्यांच्या पायांकडे बघतात.

डावं पाऊल अजून उचलून पडत नाही. चप्पल बंद, मागे पट्टा असलेली सँडल घेतली आहे. काल करी रोडच्या पुलावर तीही निसटली, पण या वेळी त्यांना कळलं.